औषधाला पत्ता सांगणारा डीएनए

कर्करोगावरील नव्या संशोधनाविषयी रुग्णाने व कुटुंबाने काय जाणावे, कशाची आशा धरावी आणि कशापासून सावध राहावे

घरातील वडीलधाऱ्या माणसाला कर्करोगाचे निदान झाले की कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. रोग कितपत पसरला आहे, हा पहिला. आणि या वयात औषध झेपेल का, हा दुसरा. अनेकदा दुसरा प्रश्नच अधिक छळतो. केस जातील, अन्न उतरणार नाही, रक्त कमी होईल, हृदय साथ देईल की नाही, या धास्तीने कित्येक कुटुंबे उपचाराचा निर्णय पुढे ढकलतात. काही जण दोन-तीन मात्रा घेऊन मध्येच थांबतात.

नेमक्या अशा वेळी कोणाच्या तरी मोबाइलवर एक बातमी येते. ‘डीएनएपासून बनवलेला यंत्रमानव रक्तातून फिरतो, कर्करोगाची पेशी शोधतो आणि तिथेच औषध सोडतो, निरोगी पेशींना धक्काही लागत नाही.’ बातमी वाचून मनात येते, की थोडे थांबावे. हेच औषध मिळाले तर त्रासाशिवाय काम होईल. ही बातमी पूर्ण खोटी नाही. परंतु ती अर्धी आहे, आणि उरलेले अर्धे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर निर्णय घेणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

औषध दुबळे नसते, ते वाट चुकते

सोयाबीनच्या शेतात तण वाढले आणि आपण सरसकट सर्वत्र फवारणी केली, तर तणाबरोबर पिकालाही झळ बसते. केमोथेरपीचे बरेचसे असेच आहे. शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर सर्व शरीरात जाते आणि वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करते. कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात, पण केसांची मुळे, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि हाडांच्या मगजातील रक्त तयार करणाऱ्या पेशीही वेगाने वाढतात. केस गळणे, तोंड येणे, जुलाब होणे, पांढऱ्या पेशी घटणे हे त्रास त्यातूनच उद्भवतात.

डॉक्सोरुबिसिन हे औषध पाहू. रंगाने लालभडक असलेले हे औषध स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा अशा अनेक आजारांत दीर्घकाळ वापरात आहे. ते पेशीतील डीएनएच्या पायऱ्यांमध्ये जाऊन अडकते आणि पेशीचे विभाजन रोखते. मात्र त्याचा हृदयाच्या स्नायूवर दुष्परिणाम होऊ शकतो, आणि हा धोका दिलेल्या एकूण मात्रेनुसार वाढत जातो. म्हणून आयुष्यभरात एकूण किती मात्रा दिली याचा हिशेब डॉक्टरांना ठेवावा लागतो, आणि उपचारापूर्वी हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको तपासणी केली जाते. मारक शक्तीची या औषधात उणीव नाही. उणीव आहे ती नेमक्या जागी पोहोचण्याची. तुषार सिंचनाऐवजी ठिबकची नळी थेट मुळाशी न्यावी, तसे औषध थेट गाठीपाशी नेता येईल का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना गेली अनेक दशके खुणावत आहे.

पहिले वाहन: चरबीची कुपी

या प्रश्नाचे एक उत्तर आज रुग्णालयांत उपलब्ध आहे, याची पुष्कळांना कल्पना नसते. जेरुसलेम येथील येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गाबिझॉन यांनी डॉक्सोरुबिसिन चरबीच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांत भरले. अशा गोळ्याला लायपोसोम म्हणतात. 1995 मध्ये अमेरिकेने ‘डॉक्सिल’ या नावाने या औषधाला मान्यता दिली, आणि नॅनो म्हणावे इतक्या सूक्ष्म आकाराचे ते पहिले मान्यताप्राप्त कर्करोगविरोधी औषध ठरले. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण 80 हजार नॅनोमीटर, तर ही कुपी जेमतेम 100 नॅनोमीटरच्या घरातली. कुपीत बंद असल्याने औषधाचा हृदयावरील भार पुष्कळ कमी होतो.

या कथेत महाराष्ट्राचाही भाग आहे. अमेरिकेत डॉक्सिलची टंचाई झाली तेव्हा तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2012 मध्ये, मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्मा समूहाचे ‘लिपोडॉक्स’ हे याच प्रकारचे औषध आयात करण्यास तात्पुरती परवानगी दिली. पुढच्याच वर्षी या समूहाच्या जेनेरिक औषधाला तेथे रीतसर मान्यताही मिळाली.

‘लायपोसोमल’ हा शब्द विदर्भातील अनेक घरांनी 2021 मध्ये ऐकला, तो मात्र वेगळ्या संदर्भात. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील काळी बुरशी, पसरली आणि अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाइकांची धावाधाव झाली. साधे अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला जाच करते. चरबीच्या आवरणातून दिले की तो जाच कमी होतो. त्याच वर्षी मे महिन्यात वर्ध्यातील जेनेटिक लाइफसायन्सेस या कंपनीने अ‍ॅम्फोटेरिसिनच्या स्निग्ध मिश्रणाच्या स्वरूपातील इंजेक्शनांचे उत्पादन सुरू केले. औषध तेच असले तरी ते ज्या वाहनातून जाते त्यानुसार रुग्णाचा त्रास बदलतो, हा धडा त्या कठीण दिवसांनी शिकवला.

तथापि चरबीच्या कुपीला पत्ता वाचता येत नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या कच्च्या व गळक्या असतात, म्हणून ती तिथे काहीशी अधिक झिरपते, एवढेच. 2016 मध्ये प्राण्यांवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात असे आढळले की शिरेतून दिलेल्या अशा सूक्ष्म कणांपैकी, मध्यम मूल्य पाहता, एक टक्क्याहूनही कमी भाग गाठीपर्यंत पोहोचतो. उरलेला मुख्यतः यकृत, प्लीहा यांसारख्या अवयवांत अडकतो. पत्ता वाचू शकेल असे वाहन शोधण्याची निकड यातून ध्यानात यावी.

डीएनए: येथे वारसा नव्हे, बांधणीचा धागा

डीएनए म्हटले की आपल्याला आनुवंशिकता आठवते. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो केवळ दोन नॅनोमीटर रुंदीचा, पिळाच्या दोरीसारखा धागा आहे, आणि त्याची चार अक्षरे ठरावीक जोडीदाराशीच जुळतात. अशी जोडी जुळवणारा धागा हवा त्या क्रमाने तयार करता आला, तर त्यापासून वस्तूही घडवता येईल, ही कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ नेड सीमन यांना सुचली. चित्रकार एशर यांचे रांगेत तरंगणाऱ्या माशांचे एक चित्र आठवत असताना 1980 मध्ये त्यांना ती स्फुरली, आणि 1982 मध्ये त्यांनी ती शोधनिबंधातून मांडली.

2006 मध्ये कॅलिफोर्नियातील पॉल रॉथमंड यांनी त्याला सुटसुटीत रूप दिले. आपल्या घरची गोधडी आठवावी. कापड एकच, त्याच्या घड्या घालून जागोजागी टाके मारले की ते हव्या त्या आकारात बसते. रॉथमंड यांनी जीवाणूंवर जगणाऱ्या एका निरुपद्रवी विषाणूचा, सुमारे सात हजार अक्षरे लांबीचा, डीएनएचा एक धागा घेतला. त्यात दोनशेहून अधिक आखूड धागे मिसळले. हे झाले टाके. मिश्रण तापवून सावकाश निववले, आणि प्रत्येक टाका आपापल्या जागी जाऊन बसला. तारे, त्रिकोण, हसरे चेहरे असे 100 नॅनोमीटर रुंदीचे आकार आपोआप तयार झाले. कागदाच्या घड्यांच्या जपानी कलेवरून या तंत्राला ‘डीएनए ओरिगामी’ हे नाव मिळाले.

येथे एक शंका दूर करणे इष्ट. अशा रचनेतील डीएनए रुग्णाच्या आनुवंशिकतेत बदल करण्यासाठी नसतो. तो डबीचा पत्रा असतो. आत ठेवायचे औषध वेगळे.

डबी भरते कशी, उघडते कशी

डॉक्सोरुबिसिन डीएनएच्या पायऱ्यांमध्ये अडकते, हे वर आलेच आहे. ज्या गुणामुळे ते पेशीला मारते, त्याच गुणामुळे ते डीएनएच्या डबीत सहज साठवता येते. बीजिंगमधील बाओक्वान डिंग आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्रिकोणी व नळीच्या आकाराच्या रचनांत हे औषध भरून, त्याला दाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्कपेशींवर प्रयोगशाळेत वापरले. औषध पेशींत अधिक प्रमाणात टिकले आणि परिणामकारक ठरले. पुढे 2014 मध्ये उंदरांवरील प्रयोगातही अशा रचनांनी गाठीची वाढ रोखली.

दुसरा प्रश्न कुलपाचा. हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न शॉन डग्लस, इडो बॅचेलेट व जॉर्ज चर्च यांनी 2012 मध्ये षट्कोनी पिंपासारखी डबी तयार केली. तिला डीएनएच्याच विशिष्ट धाग्यांची दोन कुलपे होती. समोरच्या पेशीच्या पृष्ठभागावर योग्य ती खूण सापडली तरच कुलूप सुटे, डबी उघडे आणि आतला संदेश पेशीला मिळे. हा प्रयोग काचेच्या भांड्यातील पेशींवर झाला होता.

2018 मध्ये चीन व अमेरिकेतील संशोधकांनी एक वेगळी युक्ती योजली. त्यांनी डीएनएचा चौकोनी पत्रा गुंडाळून नळी केली आणि आत थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे प्रथिन लपवले. गाठीच्या रक्तवाहिन्यांवर आढळणाऱ्या एका प्रथिनाची ओळख पटली की नळी उलगडे, थ्रॉम्बिन उघडे पडे आणि गाठीचा रक्तपुरवठा तिथेच गोठून बंद होई. गाठीची जणू रसद तोडली जाई. काळ्या मशीच्या मेलानोमा या कर्करोगाच्या उंदरांत जगण्याचा मध्यम कालावधी सुमारे 20 दिवसांवरून 45 दिवसांवर गेला. निरोगी डुकरांवर सुरक्षितता तपासली असता इतरत्र रक्ताच्या गुठळ्या झाल्याचे दिसले नाही.

2024 मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील ब्यॉर्न ह्योगबर्ग यांच्या गटाने गाठीभोवतीच्या आम्लतेलाच किल्ली बनवले. गाठीच्या परिसरात आम्लता वाढलेली असते. निरोगी ऊतींत बंद राहणारी त्यांची रचना त्या आम्लतेत उघडते आणि पेशीला मरणाचा आदेश देणारा आकृतिबंध बाहेर येतो. उंदरांत गाठीची वाढ 70 टक्क्यांपर्यंत कमी झाली. ‘डीएनएचा रोबो’ म्हणून बातम्यांत फिरते ते हेच संशोधन. त्यात ना चाके असतात, ना बॅटरी. असते ती केवळ ओळख पटली की उघडणारी घडी.

भारतीय हातांचे काम

या शास्त्रात भारत केवळ प्रेक्षक नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात यमुना कृष्णन यांच्या गटाने 2009 मध्ये जिवंत पेशीच्या आत जाऊन तेथील आम्लता मोजणारे डीएनएचे सूक्ष्म यंत्र सिद्ध केले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना 2013 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. आज त्या शिकागो विद्यापीठात आहेत. त्यांचे विद्यार्थी धीरज भाटिया यांनी वीस बाजूंची डीएनएची पोकळ पेटी बनवून तिच्यात दुसरा पदार्थ बंदिस्त करून दाखवला. आता ते गांधीनगरच्या आयआयटीत डीएनएच्या सूक्ष्म पिंजऱ्यांवर संशोधन करतात.

मानवी रुग्णांपर्यंत पोहोचलेले एक जवळचे उदाहरण अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे आहे. त्या चाचणीच्या अहवालातील पहिले नाव मराठी कानांना परिचित वाटेल: डॉ. प्रिया कुमठेकर. सोन्याच्या सूक्ष्म कणाभोवती न्यूक्लिक आम्लाचे दाट आवरण असलेले औषध मेंदूचा कर्करोग उलटलेल्या 8 रुग्णांना शिरेतून देण्यात आले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते मेंदूभोवतीची रक्ताची तटबंदी ओलांडून गाठीत पोहोचले, आणि गंभीर विषबाधा दिसली नाही. ही रचना ओरिगामीची नव्हे, आणि चाचणी सुरक्षितता व पोहोच तपासण्यापुरतीच होती; रोग बरा झाल्याचा दावा त्यात नाही. तरीही न्यूक्लिक आम्लाचे वाहन माणसाच्या मेंदूतील गाठीपर्यंत जाऊ शकते, हे त्यातून दिसले.

उंदरापासून माणसापर्यंतची वाट

डीएनएच्या घड्यांपासून बनवलेले कर्करोगाचे एकही औषध आजवर बाजारात आलेले नाही. त्याची कारणे ठोस आहेत. आपल्या रक्तात परका डीएनए तोडणारी विकरे असतात. ती डबी लक्ष्यावर पोहोचण्याआधीच कुरतडू शकतात. या रचना टिकण्यासाठी मॅग्नेशियमसारखे क्षार पुरेसे लागतात, आणि रक्तात त्यांचे प्रमाण कमी असते. यकृत व मूत्रपिंडे अशा कणांना लवकर बाजूला काढतात. परका डीएनए पाहून रोगप्रतिकारशक्ती खवळण्याचीही शक्यता असते. शिवाय उंदराला पुरणारी मात्रा आणि माणसाला लागणारी मात्रा यांत मोठे अंतर आहे. एवढ्या प्रमाणात शुद्ध धागे तयार करणे खर्चिक असते. जीवाणूंच्या साह्याने ते मोठ्या प्रमाणात बनवण्याची पद्धत म्युनिकच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवली आहे, आणि धाग्यांना संरक्षक लेप देण्याचे प्रयत्नही चालू आहेत. प्रगती आहे, परंतु तिचा वेग आणि आजच्या रुग्णाच्या गाठीचा वेग सारखा नाही.

वाशिमच्या घरातून पाहताना

रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा किंवा वाशिम शहर, कोठूनही पाहिले तरी कर्करोगाच्या पूर्ण उपचारासाठी बहुधा जिल्ह्याबाहेर जावे लागते: अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर वा थेट मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय. वाशिमचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले, ही पुढील काळासाठी शुभ घटना. आज मात्र पेशीपर्यंत औषध नेण्याइतकेच रुग्णाला वेळेवर औषधापर्यंत नेणेही महत्त्वाचे आहे, आणि हे दुसरे काम कुटुंबाच्या हाती आहे. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट: येणाऱ्या औषधाच्या आशेवर आजचा उपचार थांबवू नये. त्रास असह्य होत असेल तर मात्रा बदलता येते, दोन मात्रांतील अंतर वाढवता येते, उलटीवर प्रभावी औषधे देता येतात. मध्येच उपचार सोडण्याऐवजी हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

दुसरी गोष्ट: हृदय अशक्त असल्यास ‘आमच्या रुग्णासाठी लायपोसोमल औषधाचा पर्याय योग्य आहे का?’ असे अवश्य विचारावे. प्रत्येक आजारात तो लागू पडत नाही व खर्चही अधिक असतो; निर्णय तज्ज्ञांचाच. ते औषध घेणाऱ्यांच्या तळहात-तळपायांना लाली, आग किंवा साल निघण्याचा त्रास होऊ शकतो. अशा वेळी गरम पाण्यात हातपाय बुडवू नयेत, सैल पादत्राणे वापरावीत आणि त्वचा मऊ राहील असे मलम लावावे. त्रास वाढण्यापूर्वीच डॉक्टरांना कळवावे.

तिसरी गोष्ट: केमोनंतर ताप 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा अधिक झाला, तर सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा ताप घातक ठरू शकतो. उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा तातडीचा क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावा, आणि जवळचे रुग्णालय कोणते हेही आधीच ठरवून ठेवावे.

चौथी गोष्ट: प्रत्येक मात्रेची तारीख, औषधाचे नाव व प्रमाण यांची नोंद एका फाइलीत ठेवावी. रुग्णालय बदलले तरी डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा हिशेब त्यामुळे चुकत नाही.

पाचवी गोष्ट: हक्काच्या सवलती सोडू नयेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. 70 वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून खुले झाले आहे. वयाची 75 वर्षे पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. रेल्वेनेही कर्करुग्णास व एका सोबत्यास उपचारासाठी भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित प्रमाणपत्र लागते.

बातमी वाचताना विचारावयाचे चार प्रश्न

• प्रयोग कशावर झाला: काचेतील पेशींवर, उंदरांवर की माणसांवर?
• माणसांवर झाला असेल, तर किती जणांवर? आणि तपासले काय: केवळ सुरक्षितता, की आयुष्यात पडलेली भर?
• औषधाला मान्यता कोणत्या शासकीय यंत्रणेने दिली? भारतात हे काम केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना पाहते.
• चाचणीत सहभागी व्हा असे कोणी सांगत असेल, तर तिची नोंद भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चिकित्सा चाचणी नोंदवहीत आहे का? खऱ्या चाचणीत संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत दिले जाते, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद 2019 च्या नियमांत आहे.

‘डीएनए नॅनो उपचार’ म्हणून कोणी आज पैसे घेऊन औषध देऊ करत असेल, तर या चार प्रश्नांपैकी एकाचेही सरळ उत्तर त्याच्याकडे नसेल. तिथून उठून यावे.

चरबीच्या कुपीची कल्पना प्रयोगशाळेतून रुग्णाच्या शिरेपर्यंत येण्यास काही दशके लागली. आज तीच कुपी सर्वसामान्य रुग्णालयांत वापरली जाते. डीएनएची डबीही कदाचित त्याच वाटेने येईल आणि आपल्या नातवंडांच्या पिढीला ‘औषध झेपेल का’ हा प्रश्न इतका भेडसावणार नाही. ती आशा जरूर बाळगावी. परंतु आजच्या रुग्णाची पुढच्या मात्रेची जी तारीख ठरली आहे, ती चुकू देऊ नये.